चार्ल्स कॉटन
चार्ल्स कॉटन (२८ एप्रिल, इ.स. १६३० – १६ फेब्रुवारी, इ.स. १६८७) हे इंग्लिश कवी, अनुवादक व गळाच्या मासेमारीवरील लेखक होते. इंग्लंडमधील बेरेसफर्ड हॉल हा त्यांचा वडिलोपार्जित वाडा डव्ह या लहान डोंगरी नदीकाठी होता.

आयझॅक वॉल्टन हे त्यांच्याहून सदतीस वर्षांनी मोठे असलेले मित्र त्यांना मुलासारखे मानीत. १६७४ साली कॉटन यांनी नदीकाठी मासेमारीसाठी लहानसे दगडी घर बांधले आणि दारावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली. वॉल्टन यांच्या 'द कम्प्लीट अँग्लर' या ग्रंथात कृत्रिम माशीने ट्राउट पकडण्याचा भाग तोकडाच होता. १६७६ च्या आवृत्तीला दुसरा भाग जोडून कॉटन यांनी ती उणीव भरून काढली. नितळ पाण्यातील ट्राउट काठावरच्या माणसाला चटकन हेरतो. म्हणून दुरून आणि बारीक दोरीने गळ टाकावा, हे त्यांचे मुख्य सूत्र. काठी पंधरा ते अठरा फुटांची, दोरी घोड्याच्या केसांची आणि गळापाशी जेमतेम दोन केसांची. पिसे, लोकर व रेशीम गुंडाळून बनवायच्या माश्यांची त्यांनी महिनावार यादी दिली. ती आजही वाचनीय आहे.

कर्जे मात्र आयुष्यभर त्यांच्या पाठीशी होती. १६८१ मध्ये बेरेसफर्ड विकावे लागले व नदीही दुरावली. त्यानंतर त्यांनी माँतेनच्या निबंधांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. लंडनमध्ये कर्जबाजारी अवस्थेतच त्यांचे निधन झाले. वाडा पुढे पडला. डव्हकाठचे ते दगडी घर अद्याप उभे आहे.