न पाहिलेल्यांचे बालगंधर्व

२० फेब्रुवारी १९१९ रोजी आपल्या बडोद्यात ‘एकच प्याला’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नाटककार राम गणेश गडकरी तो पाहण्यास या जगात नव्हते. चार आठवड्यांपूर्वीच, २३ जानेवारीस, सावनेर येथे त्यांचे निधन झाले होते. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. आजवर भरजरी शालूत आणि दागिन्यांत पाहिलेली गंधर्व नाटक मंडळीची नायिका या नाटकात दारुड्या नवऱ्याची पत्नी होऊन आली. घर बुडत चालले असता दळण दळून पोटाची खळगी भरणारी, फाटक्या लुगड्यातील सिंधू. ती भूमिका करणाऱ्या नटाचे वय तेव्हा तीस वर्षांचे होते आणि त्याचे नाव नारायण श्रीपाद राजहंस.

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या पणजोबांनी कदाचित तो प्रयोग पाहिलाही असेल. या शहरातील मराठी घरांत बालगंधर्वांचे नाव घरातल्या माणसाचे असावे तसे घेतले जाई. बडोदे संस्थानाचा त्यांच्या कंपनीला आश्रय होता, हे त्याचे एक कारण. पण राजाश्रय अनेकांना मिळतो आणि राजे गेल्यावर त्यांची नावेही विरून जातात. आज बालगंधर्वांना त्यांच्या बहरात रंगभूमीवर पाहिलेला मनुष्य शोधून सापडणार नाही. तरी त्यांचे एखादे पद सुरू झाले की वयाची पंचविशीही न गाठलेले श्रोते सरसावून बसतात. हे कसे घडले, हा प्रश्न मला गेली अनेक वर्षे पडत आला आहे, कारण मीही त्यांना न पाहिलेल्यांपैकीच एक आहे.

नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. राजहंस हे घराणे सध्याच्या सांगली जिल्ह्यातील नागठाण्याचे. घरची स्थिती बेताची, पण मुलाच्या गळ्यात काहीतरी वेगळे आहे हे लवकरच लोकांच्या ध्यानी आले. लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकून त्याला बालगंधर्व म्हटले आणि तेच नाव जन्मभर चिकटले, असे परंपरेने सांगितले जाते. मुलाला ऐकू कमी येत असे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला औषधोपचारांसाठी मिरजेस पाठविले आणि तेथेच किर्लोस्कर नाटक मंडळीशी त्याची गाठ पडली. सुरांच्या बाबतीत महाराष्ट्राने ज्याचा शब्द प्रमाण मानला, त्याच्या आयुष्याचा पहिला धागा कानाच्या दुखण्याचा असावा, हा योग विलक्षणच म्हणायचा.

किर्लोस्कर मंडळी त्या वेळी अडचणीत होती. स्त्रीभूमिका गाजविणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते आणि ती जागा भरून निघत नव्हती. १९०५ साली नारायणराव मंडळीत दाखल झाले आणि ‘शाकुंतला’तील शकुंतला म्हणून उभे राहिले. गोविंद बल्लाळ देवलांनी त्यांना अभिनय शिकविला. भास्करबुवा बखल्यांनी गाणे. या दोन गुरूंचा उल्लेख बहुतेक चरित्रलेखांत एका ओळीत उरकला जातो, पण माझ्या मते सारे मर्म तेथेच आहे. देवलांनी त्यांना शब्द कोणासाठी आणि का उच्चारावयाचा हे शिकविले. भास्करबुवांनी त्याच शब्दाला रागाचा विस्तार दिला. पुढे त्यांच्या पदांत तान येते ती कधीही अर्थाला ढकलून पुढे येत नाही. शब्द स्पष्ट कळतो, मग तो शब्द थोडा रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यातून आलाप उगवतो. स्त्रीचा आवाज काढावा म्हणून त्यांनी गळा चोरला नाही किंवा बारीक केला नाही. होता तोच गळा त्यांनी असा वापरला की ऐकणाऱ्याला पुरुष की स्त्री हा प्रश्नच उरू नये.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता. संगीत गोविंदराव टेंबे यांचे. भामिनीची भूमिका नारायणरावांची. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळींना वाटले, परंतु नारायणरावांनी तो होऊ दिला. रंगमंचावरील भामिनी हसली, रुसली, गायली. हा प्रसंग आपल्याकडे त्यागाचा नमुना म्हणून इतक्यांदा सांगितला गेला आहे की त्यातील भयंकरपणा बोथट झाला. घरात त्या लेकीची आई होती. तिच्या वाट्याला त्या रात्री काय आले, हे या कथेत कोणी सांगत नाही. प्रेक्षकांवरील त्यांची निष्ठा खरी होती, अपूर्वही होती. तिची किंमत मात्र पुष्कळदा घरच्या माणसांनी मोजली, हे मोठेपणाच्या ओघात विसरू नये.

१९१३ साली टेंबे आणि गणपतराव बोडस यांना बरोबर घेऊन त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या अखेरीस ‘स्वयंवर’ आले. त्यातील रुक्मिणीच्या पदांना भास्करबुवांनी चाली दिल्या आणि रागसंगीत म्हणजे काय हे ज्यांना कधी कोणी शिकविले नव्हते अशी माणसे यमन, भीमपलास, बागेश्री ओळखू लागली. निदान एका पदाच्या आठवणीने ओळखू लागली. बैठकीचे गाणे तोवर जाणत्यांचे आणि धनिकांचे होते. पिटात बसून नाटक पाहणाऱ्या कारकुनाच्या, दुकानदाराच्या, शाळामास्तराच्या ओठी ते आले, ते नाटकांच्या वाटेने. ‘एकच प्याला’त सुंदराबाई जाधवांकडून काही चाली आल्या आणि ठुमरी-दादऱ्याचा लडिवाळपणा गरीब सिंधूच्या दुःखात मिसळला.

त्यांच्या लोकप्रियतेच्या कथा आजच्या कोणाही पॉप गायकाच्या कथांशी सहज ताडून पाहता येतील. एकेका पदाला प्रेक्षक पुन्हा पुन्हा वन्समोअर देत आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, तसाच अंबाडा आणि त्यावर तसाच गजरा माळू लागल्या. येथे एक विसंगती आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या काळी घरंदाज स्त्रीने रंगमंचावर पाऊल टाकणे निषिद्ध होते, त्या काळी स्त्रीने कसे दिसावे, कसे चालावे याचा वस्तुपाठ एक पुरुष देत होता. त्यात त्या काळाची कोंडी स्पष्ट दिसते. परंतु नाटकाला आलेल्या स्त्रियांना तेथे आणखीही काही मिळाले असावे असे मला वाटते. सिंधूचे सोसणे घरोघरचे होते. ते कोणीतरी इतक्या आदराने, इतक्या बारकाईने सर्वांसमोर मांडत होते. आमच्या आजीकडे त्यांच्या दोन तबकड्या होत्या. ती त्या लावण्यापूर्वी हातातले काम बाजूला ठेवी. एरवी तिला रिकाम्या हाताने बसलेली मी पाहिली नाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. धैर्यधराच्या भूमिकेत ललितकलादर्शचे केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व. एरवी महाराष्ट्र या दोघांच्या चाहत्यांत वाटला गेला होता. त्या रात्री दोघेही एका रंगमंचावर उभे राहिले. पुढे तीनच महिन्यांत केशवराव अकाली गेले. त्यामुळे ती रात्र दंतकथा झाली.

त्याच सुमारास कंपनीवर कर्जाचा डोंगर उभा होता. बालगंधर्वांना हिशेब कधी जमला नाही. पडदे उत्तम हवेत, शालू अस्सल हवेत, साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष हवेत. ‘द्रौपदी’ नाटकातील मयसभेवर त्यांनी पैसा अक्षरशः ओतला. व्यवहारी माणसे कपाळाला हात लावीत. कंपनी मोडून मोकळे होणे शक्य होते. त्यांनी कर्ज आपल्या शिरावर घेतले आणि वर्षानुवर्षे नाटके करून ते फेडले. फेडून झाल्यावर पुन्हा तसाच खर्च केला! याला उधळेपणा म्हणणाऱ्यांचे चूक नाही. मात्र तिकीट काढून आलेल्या माणसाला आपण काही कमी दिले, ही भावना त्यांना सोसत नसे. प्रेक्षक त्यांचे मायबाप होते, आणि हा शब्द त्यांनी केवळ शिष्टाचार म्हणून वापरला नाही. समोर लहान असो वा थोर, त्याला देवा म्हणण्याची त्यांची सवयही याच जातकुळीची. लोकांचा त्यांच्यावरील जीव केवळ गळ्यामुळे असता तर गळा थकल्यावर तो ओसरला असता. आपल्यासाठी हा मनुष्य हातचे काही राखत नाही, हे लोकांना कळले होते.

बोलपट आले आणि नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. १९३१ साली ‘कान्होपात्रा’ने त्यांना अभंगांची नवी वाट दाखविली, तरी कंपनी सावरली नाही. प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या १९३५ च्या चित्रपटात ते संत एकनाथ झाले. भूमिका चांगली झाली, पण समोर श्रोता नसलेल्या त्या कामात त्यांचा जीव रमला नाही. दाद नसेल तर पुढची जागा सुचायची कशी? त्यांचे गाणे अर्धे प्रेक्षकांत असे. लौकरच ते पुन्हा नाटकाकडे वळले. शरीर स्थूल झाले होते, काळ बदलला होता, स्त्रिया स्वतः रंगभूमीवर आल्या होत्या. लोक येत, पण आठवणीतील रुक्मिणीला भेटण्यासाठी येत.

याच काळात गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्या. त्यांची पदे ऐकून ऐकून तशीच गाणारी ही गायिका आधी रंगभूमीवर त्यांची सहकारी आणि मग संसारातील सोबतीण झाली. समाजाने हे नाते सहज स्वीकारले नाही. ज्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले त्यातील अनेकांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली आणि त्यांच्या उतरत्या काळाचा सगळा दोष गोहरबाईंच्या माथी मारला. हा न्याय नव्हता. कर्जे त्यांच्या येण्यापूर्वीची होती. बोलपट काही त्यांनी आणले नव्हते. थकलेल्या, पुढे पायांनी अधू झालेल्या माणसाची १९६४ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत साथ केली ती त्यांनी. लोकांचे प्रेम ज्याला मिळते त्याने आपण पूर्वी जसे होतो तसेच राहावे, अशी त्या प्रेमाची अट असते. बालगंधर्वांना ती पाळता आली नाही, आणि कोणाला पाळता येईल?

सन्मान आले, पण उशिरा. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ साली पद्मभूषण. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

न पाहिलेल्यांपर्यंत ते कसे पोचले, तर मुख्यतः तबकड्यांतून. साडेतीन मिनिटांच्या त्या तबकडीत पहाटेपर्यंत रंगणारे पद कोंबलेले असे, आवाजावर खरखर असे. तरी त्यातील दर जागेचा अभ्यास पुढच्या गवयांनी केला. कुमार गंधर्वांनी आपल्याला उमगलेले बालगंधर्व स्वतंत्र कार्यक्रमातून मांडले. स्वतःची वाट स्वतः पाडणाऱ्या गायकाला दुसऱ्याच्या पदांपाशी थांबावेसे वाटले, हे पुरेसे बोलके आहे. २०११ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट आला. सुबोध भावे यांनी भूमिका केली, आनंद भाटे गायले आणि शाळकरी मुले नाट्यपदे गुणगुणू लागली. शिवाय त्या पदांचा एक गुण असा की ती प्रत्येकाला आपल्या ताकदीपुरती गाता येतात. स्नेहसंमेलनात आठवीतील मुलगी सरळ मुखडा म्हणून टाळ्या मिळविते, आणि तेच पद कसलेला गवई अर्धा तास आळवितो. दोघांचेही चुकत नाही.

पुण्यात त्यांच्या नावाच्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हस्ते बसविली गेली. मंदिर उघडले ते २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनी; ते जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. आत गोपाळ देऊसकरांनी रंगविलेली त्यांची चित्रे आहेत, एक पुरुषवेषातील आणि एक स्त्रीवेषातील. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मध्यंतरात लोक चहाचा कप हातात घेऊन त्यांच्यासमोर उभे होते. एक आजोबा नातीला सांगत होते की ही दोन्ही चित्रे एकाच माणसाची. ती विश्वास ठेवायला तयार नव्हती. तिसरी घंटा झाली, तरी ती वळून वळून पाहत होती.