सर विश्वेश्वरय्या : एका शिष्यवृत्तीची परतफेड

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपल्या देशात अभियंता दिन साजरा होतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा हा जन्मदिवस. धरणे बांधणारे अभियंते, म्हैसूर संस्थानचे दिवाण आणि भारतरत्न म्हणून त्यांची ओळख आपल्याला पाठ्यपुस्तकांतून झालेली असते. त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र त्यामानाने कमी सांगितली जाते. घरची गरिबी असलेला एक मुलगा सरकारी शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सरकारी कॉलेजात शिकून अभियंता झाला आणि चौतीस वर्षांनी त्याने आपल्या मुलखातल्या मुलांसाठी बंगळुरूला तसेच एक सरकारी कॉलेज उभे केले. ही त्या दोन कॉलेजांची आणि त्यांना जोडणाऱ्या माणसाची गोष्ट आहे.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

विश्वेश्वरय्यांचा जन्म बंगळुरूच्या उत्तरेला चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे जाणकार होते. विश्वेश्वरय्या लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. आईने धीर सोडला नाही. मुलाला पुढच्या शिक्षणासाठी बंगळुरूला मामांच्या आधाराने ठेवले. तिथे सेंट्रल कॉलेजात शिकताना खर्चासाठी त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या केल्या. १८८१ मध्ये ते बी.ए. झाले.

अभियंता व्हायचे तर पुढची वाट बंगळुरूत नव्हती. त्या वेळी म्हैसूर संस्थानात अभियांत्रिकीची पदवी देणारे एकही कॉलेज नव्हते. संस्थानाने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. १८५४ मध्ये सुरू झालेली ही संस्था म्हणजेच आजचे सीओईपी. मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या या कॉलेजातून १८८३ मध्ये ते स्थापत्य अभियांत्रिकीची एल.सी.ई. परीक्षा मुंबई इलाख्यात पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. बर्कले पारितोषिकही त्यांनाच मिळाले. या यशामुळे मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंत्याची जागा चालून आली आणि १८८४ मध्ये ते नाशिकला रुजू झाले. शिष्यवृत्ती म्हैसूरची आणि नोकरी मुंबईची, असा हा योग होता. म्हैसूरचे देणे अजून बाकी होते.

मुंबई इलाख्यातील वर्षे

नोकरीच्या सुरुवातीलाच खानदेशात धुळ्याजवळ पांझरा नदीच्या पात्रातून पाण्याची नळवाट नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पाऊस सुरू झाला, पात्र वाळूने भरू लागले. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. उत्तर कडक शब्दांत आले. नव्या अधिकाऱ्याने अशी टाळाटाळ करणे शिस्तीला धरून नाही, असा त्याचा रोख होता. विश्वेश्वरय्यांनी वाद वाढवला नाही. अडचणींतून वाट काढत त्यांनी काम पुरे केले आणि त्याच वरिष्ठांची शाबासकी मिळवली. आपले मत वेळेवर आणि स्पष्ट सांगायचे, हुकूम आला की तो मनापासून पार पाडायचा, हा धडा त्यांनी विशीतच घेतला. छात्रांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पुढे सिंधमध्ये सक्करचा पाणीपुरवठा, सुरतेचे पाणी, दख्खनच्या कालव्यांवर पाळीपाळीने पाणी वाटण्याची ब्लॉक पद्धत, एडनच्या लष्करी ठाण्यासाठी पाणी आणि सांडपाण्याची योजना अशी अनेक कामे त्यांनी केली. महाराष्ट्राला सर्वांत जवळचे काम मात्र खडकवासल्याचे.

खडकवासला धरणाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात जादा पाणी वाहून जात असे. धरणाची भिंत न वाढवता हे पाणी अडवायचे कसे, असा प्रश्न होता. सांडव्यावर साधे दरवाजे बसवले तर पाणी साठले असते, पण रात्री-अपरात्री पूर आला आणि दरवाजे वेळेवर उघडले नाहीत तर धरणालाच धोका झाला असता. विश्वेश्वरय्यांनी वजनांच्या तोलावर चालणारे स्वयंचलित दरवाजे तयार केले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढले की दरवाजे आपोआप उघडत, पूर ओसरला की आपोआप बंद होत. १९०३ मध्ये हे दरवाजे खडकवासल्याला बसले. त्याचे पेटंट त्यांनी घेतले होते आणि पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागरावरही हीच पद्धत वापरली गेली. १९६१ मध्ये पानशेत धरण फुटले तेव्हा त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले. आज दिसते ते त्यानंतर पुन्हा बांधलेले धरण आहे. आपल्यापैकी अनेकांचे स्वप्न असलेली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी याच जलाशयाच्या काठी आहे.

जपानचा धडा आणि एक अट

१८९८ मध्ये विश्वेश्वरय्या जपानला जाऊन आले. तीसएक वर्षांपूर्वीपर्यंत जगापासून अलिप्त असलेला हा देश कारखाने, रेल्वे आणि जहाजे स्वतः उभारू लागला होता. मुलामुलींना शाळेत घालण्याची सक्ती आणि जागोजागी निघालेल्या तांत्रिक शाळा यांत त्यांना त्या प्रगतीचे कारण दिसले. आपल्याकडे बुद्धीची वाण नाही, शिकण्याच्या जागांची आहे, हे त्यांच्या मनात पक्के बसले.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. वरिष्ठांना मागे टाकून बढत्या मिळाल्या होत्या, तरी मुख्य अभियंत्याची खुर्ची भारतीय माणसाला मिळणार नाही हे त्यांना दिसत होते. त्याच वर्षी मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हाहाकार उडाला. निजाम सरकारने बोलावल्यावर त्यांनी पूरनियंत्रणाची योजना आखून दिली. तेवढ्यात म्हैसूरकडून मुख्य अभियंत्याच्या पदासाठी विचारणा झाली. होकार देण्याआधी विश्वेश्वरय्यांनी एक गोष्ट विचारून घेतली. तांत्रिक शिक्षण आणि उद्योग वाढवण्यासाठी संस्थान आपल्याला वाव देणार का, हा तो प्रश्न होता. उत्तर अनुकूल आले आणि नोव्हेंबर १९०९ मध्ये ते म्हैसूरला रुजू झाले. पगार किंवा मानापेक्षा त्यांना कशाची चिंता होती, ते या प्रश्नावरून समजते.

१९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. १९१२ मध्ये महाराज नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांनी त्यांना दिवाण नेमले. दिवाणपद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी नातेवाइकांना जेवायला बोलावले आणि कोणीही माझ्याकडे वशिला आणणार नसेल तरच हे पद घेतो असे सांगितले, ही आठवण म्हैसूर भागात आजही सांगितली जाते.

वीस विद्यार्थ्यांचे कॉलेज

दिवाण झाल्यावर शिक्षणाच्या कामाने वेग घेतला. १९१३ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. बंगळुरूजवळ हेब्बाळला शेतीशाळा निघाली. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. संस्थानातले हे देशातील पहिले विद्यापीठ. तोपर्यंत इथल्या कॉलेजांना परीक्षेसाठी मद्रास विद्यापीठाकडे पाहावे लागत असे. त्यापाठोपाठ १९१७ मध्ये बंगळुरूला सरकारी अभियांत्रिकी कॉलेज सुरू झाले.

सुरुवात अगदी लहान होती. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इमारतीत, स्थापत्य आणि यंत्र या दोन शाखा, आणि विद्यार्थी अवघे वीस. धरण बांधणाऱ्या, रेल्वे चालवणाऱ्या आणि कारखाने काढू पाहणाऱ्या राज्याला वीस अभियंते कितीसे पुरणार, असे कोणालाही वाटले असते. पण या वीस मुलांना पुण्याला किंवा मद्रासला जावे लागले नाही, हा फरक मोठा होता. घराजवळ राहून, परवडणाऱ्या खर्चात अभियांत्रिकी शिकता येते हे एकदा सिद्ध झाले की पुढच्या वर्षी आणखी मुले येतात.

या कॉलेजच्या उभारणीत एस. व्ही. शेट्टी यांचा वाटा मोठा होता. आपल्या वाचकांना हे नाव माहीत असायला हवे. म्हैसूरचे शेट्टी इंग्लंडला गेले होते आणि तिथे ए. व्ही. रो यांच्या विमान कंपनीत त्यांनी विमाने बांधण्याचे व उडवण्याचे काम केले होते. ते पहिल्या भारतीय वैमानिकांपैकी एक. परत आल्यावर त्यांनी आपले ज्ञान बंगळुरूच्या विद्यार्थ्यांना दिले. दुर्दैवाने १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांचा मृत्यू झाला. कॉलेज तेव्हा जेमतेम एका वर्षाचे होते.

अभियांत्रिकीचे शिक्षण केवळ पुस्तकाचे नसते. साखळी आणि थिओडोलाइट घेऊन उन्हात जमीन मोजायची, ड्रॉइंग बोर्डावर रेघ चुकली की कागद बदलून पुन्हा काढायची, कार्यशाळेत कानशीने लोखंड घासून ठरल्या मापाला आणायचे, हा त्याचा रोजचा भाग. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या हातात पोथी किंवा लेखणी होती, अशा मुलांनाही इथे हात काळे करावे लागत. विश्वेश्वरय्यांना हेच हवे होते.

मतभेद आणि राजीनामा

विश्वेश्वरय्यांचे सगळेच निर्णय सर्वांना पटले असे नाही. १९१८ मध्ये महाराजांनी न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. सरकारी नोकऱ्यांत मागास समाजांना पुरेसा वाटा कसा मिळेल, हे तिने पाहायचे होते. नेमणूक गुणांवरच व्हावी आणि मागासलेपणावर उपाय म्हणून शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचवावे, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही वजनदार होते. संस्थानातल्या वरच्या जागा बहुतांश ब्राह्मणांकडे होत्या, विश्वेश्वरय्या स्वतःही ब्राह्मण होते, आणि खास तरतूद केल्याशिवाय इतरांना दार उघडणार नाही, असे अनेकांना वाटत होते. महाराजांनी हा दुसरा मार्ग निवडला. मत पटत नसताना पदाला चिकटून राहायचे नाही, म्हणून विश्वेश्वरय्यांनी त्याच वर्षअखेरीस दिवाणपद सोडले. पुढे देशाने राखीव जागांचे तत्त्व राज्यघटनेत स्वीकारले आणि त्यांनी काढलेल्या कॉलेजातही आज त्याप्रमाणेच प्रवेश होतात. दिवाणाचे म्हणणे मागे पडले, पण कॉलेजची दारे त्यामुळे अधिक घरांतल्या मुलांना उघडली.

पद गेले तरी काम थांबले नाही. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना तोट्यात होता. त्याची सूत्रे हाती घेऊन त्यांनी तो सावरला. त्या कामाचे मिळालेले पैसे त्यांनी बंगळुरूला कारागिरी शिकवणारी संस्था काढण्यासाठी दिले आणि तिला स्वतःचे नाव न देता जयचामराजेंद्र महाराजांचे नाव दिले. मोटारींचा कारखाना भारतात निघावा म्हणून त्यांनी युरोप-अमेरिकेत फिरून माहिती जमवली. या प्रयत्नांत त्यांच्याबरोबर सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. त्याच वालचंदांनी १९४० मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला. आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स ती हीच. वयाच्या नव्वदीनंतरही गंगेवर मोकामा इथे पूल कुठे बांधावा, याचा सल्ला देण्याच्या कामात विश्वेश्वरय्या होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी गाठून, त्यांनी देह ठेवला.

आज ते कॉलेज

बंगळुरूच्या के. आर. सर्कलला, विश्वेश्वरय्या जिथे शिकले त्या सेंट्रल कॉलेजपासून थोड्याच अंतरावर, त्यांनी काढलेले कॉलेज आजही भरते. १९६५ पासून ते युनिव्हर्सिटी विश्वेश्वरय्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, म्हणजे यूव्हीसीई, या नावाने ओळखले जाते. स्थापत्य शाखा पुढे ज्ञानभारती परिसरात गेली. विमानशास्त्रातले थोर वैज्ञानिक रोद्दम नरसिंह इथेच १९५३ मध्ये अभियंता झाले. संरक्षण संशोधन संस्थेचे, डीआरडीओचे, प्रमुखपद भूषवलेले व्ही. के. अत्रे याच कॉलेजचे विद्यार्थी. २०२२ मध्ये पुण्याचे सीओईपी आणि बंगळुरूचे यूव्हीसीई या दोन्ही संस्थांना स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ज्या कॉलेजने विश्वेश्वरय्यांना घडवले आणि जे कॉलेज त्यांनी घडवले, ती दोन्ही एकाच वर्षी मोठी झाली. याशिवाय नागपूरची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि बेळगावचे तंत्रशास्त्र विद्यापीठ त्यांचे नाव चालवीत आहेत.

छात्रांनो, पुणे आणि बंगळुरू या दोन शहरांचा आपल्या क्षेत्राशीही जवळचा संबंध आहे. खडकीला बॉम्बे सॅपर्सचे आणि बंगळुरूला मद्रास सॅपर्सचे केंद्र आहे. आपल्यातले काही जण तिथे जातील, काही जण तंत्रशाखेतून सेनादलांत येतील, काही जण सैन्याबाहेर राहून अभियंते होतील. आपल्या वर्गातल्या बाकांचा, जेवणाचा आणि गणवेशाचा बराच खर्च देशातली माणसे करांतून करतात. त्यांतल्या पुष्कळांच्या मुलांना इथे प्रवेश मिळालेला नाही. विश्वेश्वरय्यांना मिळालेली शिष्यवृत्तीही अशाच माणसांच्या करांतून आलेली होती. ती त्यांनी कशी फेडली, ते आपण वाचले. आपण कशी फेडणार, हे प्रत्येकाने आपल्या वहीत आजच लिहून ठेवायला हरकत नाही.