महाराणी ताराबाई व इ. स. १७०० चें वर्ष

पन्हाळ्याचा डोंगर पाहिला नाहीं असा मनुष्य आपल्या करवीर प्रांतांतील मंडळ्यांत विरळाच. त्या गडावरून ज्यांनीं पुढें राज्य चालविलें, त्या ताराबाईंच्या एका कठीण वर्षाची हकीकत आज सांगावयाची आहे.

ताराबाईंचा जन्म इ. स. १६७५ चा. शिवछत्रपतींचे सेनापति हंबीरराव मोहिते हे त्यांचे वडील, व छत्रपति राजाराम हे त्यांचे पति. १७०० साल उजाडलें तेव्हां औरंगजेब बादशहा स्वतः साताऱ्याच्या किल्ल्यास वेढा देऊन बसला होता. मार्चच्या आरंभीं राजाराम महाराज सिंहगडावर वारले. राणी अवघ्या पंचविशींतल्या, पुत्र शिवाजी सुमारें ४ वर्षांचा. एप्रिलांत सातारा पडला. जूनमध्यें परळीचा सज्जनगडही गेला. आतां मराठ्यांचें राज्य बुडालें, असें शत्रूस वाटलें.

परंतु ताराबाई कोपऱ्यांत रडत बसल्या नाहींत. पुत्रास गादीवर बसवून त्यांनीं कारभार आपल्या हातीं घेतला. रामचंद्रपंत अमात्य, धनाजी जाधव अशा जाणत्या पुरुषांकडून त्यांनीं कामें करून घेतलीं. त्यांची रीति अशी : किल्ला होईल तितके दिवस लढवावा, निरुपाय झाल्यास द्रव्य घेऊन सोडावा, व शत्रूची पाठ फिरतांच परत घ्यावा. इकडे बादशहा एकेका डोंगराभोंवतीं बसून राही, आणि तिकडे मराठी फौजा त्याच्याच मुलखांत शिरत. त्याच वर्षीं आक्टोबरांत माण नदीकांठीं खवासपूर येथील त्याच्या छावणींत रात्रीं महापूर शिरला. माणसें व जनावरें वाहून गेलीं. घाईंत पळतांना बादशहाचा पाय दुखावला, तो जन्मभर अधू राहिला. १७०७ सालीं अहमदनगरास त्याचा अंत झाला. दक्षिण कांहीं पुरती जिंकली गेली नाहीं.

यापुढील कथा दुःखाची आहे. शाहूमहाराज मोगलांच्या कैदेंतून सुटून आले, आणि काकी व पुतण्या यांत युद्ध झालें. १७१० सालीं पन्हाळ्यास निराळी गादी झाली. तेंच पुढें कोल्हापूरचें राज्य. १७१४ सालीं सवत राजसबाई यांच्या पक्षानें ताराबाईंस पुत्रासह कैदेंत टाकलें. परक्या बादशहास जें साधलें नाहीं, तें घरच्या कलहानें साधलें. १७६१ सालीं, वयाच्या ८६ व्या वर्षीं, साताऱ्यास त्या निवर्तल्या.

बंधुभगिनींनो, तरवारीचें राज्य मिळविणें हें आपलें काम नव्हे. तथापि येथें दोन धडे आहेत. इस्राएल संकटांत असतां देवानें दबोरेस उभें केलें, हें आपण वाचतों. तरी आपल्या मंडळींतील विधवेस मागच्या चटईवर बसवून ठेवितों, आणि शब्बाथ शाळेचा एखादा वर्ग तिच्या हातीं देण्यास कचरतों. हें योग्य नव्हे. दुसरा धडा हा कीं, बाहेरच्या छळांत टिकलेली मंडळी आंतल्या मानापानानें मोडते. आपल्या गांवची मंडळी कोणत्या कारणानें दुबळी झाली आहे, याचा विचार प्रत्येकानें देवासमोर गुडघे टेकून करावा.