रॉबर्ट डग्लस

न्यूयॉर्क शहरात हार्लेम नावाची एक प्रसिद्ध वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातून आणि वेस्ट इंडीजच्या बेटांवरून अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे येऊन स्थायिक झाली. याच वस्तीत १९२३ साली बास्केटबॉलचा एक विख्यात संघ जन्मास आला. रॉबर्ट डग्लस हे त्या संघाचे जनक होत.

डग्लस यांचा जन्म १८८२ साली सेंट किट्स या चिमुकल्या बेटावर झाला. तरुणपणी ते न्यूयॉर्कला आले. तेथे त्यांनी बास्केटबॉलचा सामना प्रथमच पाहिला आणि त्या खेळाने त्यांचे मन वेधून घेतले. पुढे १९०८ साली मित्रांच्या साहाय्याने त्यांनी एक क्रीडामंडळ काढले. आपल्या वस्तीतील मुलांना खेळाची संधी मिळावी, हा त्यांचा हेतू होता.

परंतु केवळ हौसेने खेळून पोट भरत नाही. चांगल्या खेळाडूला त्याच्या श्रमांचा मोबदला मिळालाच पाहिजे, असे डग्लस यांना वाटे. म्हणून त्यांनी वेतन घेऊन खेळणाऱ्या खेळाडूंचा संघ उभारण्याचे ठरवले. पण खेळायला जागा कोठून आणावी? हार्लेममध्ये रेनेसान्स कॅसिनो नावाचे एक मनोरंजनगृह होते. तेथील नृत्याचे दालन त्यांनी मिळवले आणि त्याच्या बदल्यात संघाला त्या वास्तूचे नाव दिले. लोक त्या संघाला लाडाने रेन्स म्हणू लागले. गुळगुळीत फरशीवर सामना रंगे आणि सामना संपला, की त्याच जागी प्रेक्षकांचे नृत्य सुरू होई.

घरच्या मैदानावरील प्राप्ती संघाला पुरेशी नव्हती. त्यामुळे खेळाडू मोटारगाडीतून गावोगाव हिंडत. वाटेत अनेक उपाहारगृहे कृष्णवर्णीयांना अन्न देत नसत आणि अनेक वसतिगृहे त्यांना थारा देत नसत. मग हे खेळाडू गाडीतच थंड अन्न खात आणि गाडीतच झोपत. एवढे हाल सोसूनही १९३२-३३ च्या हंगामात त्यांनी लागोपाठ ८८ सामने जिंकले! गोऱ्या खेळाडूंच्या व्यावसायिक संघटनांनी मात्र त्यांना आपल्यात घेतले नाही.

अखेर १९३९ साली ती संधी चालून आली. शिकागो येथे व्यावसायिक संघांची जागतिक स्पर्धा भरली आणि तिची दारे गोऱ्या व कृष्णवर्णीय अशा दोन्ही संघांना खुली होती. अंतिम सामन्यात रेन्सने ऑशकॉश ऑल-स्टार्स या गोऱ्या खेळाडूंच्या बलाढ्य संघाचा ३४ विरुद्ध २५ गुणांनी पराभव केला.

या विजयानंतरची एक आठवण जॉन आयझॅक्स हा खेळाडू पुढे सांगत असे. विजेत्यांना जी जाकिटे मिळाली, त्यांवर कृष्णवर्णीय जगज्जेते अशा अर्थाची अक्षरे होती. आयझॅक्सने पाते घेऊन त्यांतील वर्णाचा उल्लेख करणारा शब्द तेवढा अलगद कापून काढला. जाकीट खराब केलेस, असे डग्लस त्याला म्हणाले. त्यावर, मी ते सुधारले आहे, असे त्याने उत्तर दिले. मागे उरले ते केवळ जगज्जेते. ज्या संघाने सर्वांना हरवले, त्याच्या विजयाला वर्णाची मर्यादा कशाला?

१९४८ साली रेन्सला एका राष्ट्रीय व्यावसायिक संघटनेत प्रवेश मिळाला, परंतु पुढच्याच वर्षी संघ बंद पडला. तोवर त्याने अडीच हजारांवर सामने जिंकले होते. १९५० साली अमेरिकेच्या प्रमुख संघटनेने, म्हणजे एनबीएने, कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रथमच प्रवेश दिला. त्या पहिल्या खेळाडूंपैकी नॅट क्लिफ्टन हा पूर्वी रेन्सकडून खेळलेला होता.

१९६३ साली बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात रेन्स संघाचे नाव कोरले गेले. १९७२ साली वृद्ध डग्लस यांनाही तो मान मिळाला. वैयक्तिकरीत्या हा सन्मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. १९७९ साली त्यांचे निधन झाले.

बंद दारासमोर हताश होऊन बसण्याऐवजी डग्लस यांनी एका नृत्यगृहाचे क्रीडांगण केले आणि तेथूनच आपल्या खेळाडूंना जगज्जेतेपदाचा मार्ग दाखवला.