कामकऱ्यांचे कैवारी : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

सूरजागडच्या डोंगराचें नांव चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील मुलांस नवें नाहीं. एटापल्ली तालुक्यांतील दाट अरण्यांत उभ्या असलेल्या या डोंगराच्या पोटांत लोखंडाच्या दगडाचा मोठा सांठा आहे. माडिया बांधव याच डोंगरावर ठाकूरदेवाची पूजा करीत आले आहेत. पूर्वीं आपल्या या मुलखांत ठिकठिकाणीं मातीच्या लहान भट्ट्या पेटवून, हातभात्यानें वारा घालून लोखंड गाळीत असत. आतां मात्र सूरजागडास अवजड यंत्रांनीं डोंगर फोडून लोहखनिज काढण्याचें काम चालतें, आणि तें भरलेले मालट्रक तांबडी धूळ उडवीत रस्त्यानें जातात.

अशा खाणीच्या कामांत धोके पुष्कळ. सुरुंगानें उडालेला दगड, पावसाळ्यांत ढासळणारा कडा, मागें सरकणारें अवजड वाहन, आणि डोळ्यांस सहज न दिसतां फुप्फुसांत जाऊन बसणारी दगडाची बारीक भुकटी, हे सारे कामकऱ्याचे वैरी होत. म्हणून कामावर जातांना डोक्यावर हेल्मेट, पायांत जाड बूट व नाकातोंडावर मुखपट्टी असावी; सुरुंग पेटविण्यापूर्वीं भोंगा वाजवून सर्वांस दूर करावें; आठवड्यांतून एक दिवस विसावा मिळावा; आणि इतकेंही करून कोणास दुखापत झालीच, तर त्याच्या औषधाची व पोटाची सोय व्हावी, असे आज नियम आहेत.

लहान मुलांस वाटतें कीं, ऊनपावसासारख्या या गोष्टी आपोआपच आल्या असतील. परंतु तसें नाहीं. यांतील प्रत्येक गोष्टीसाठीं कोणी ना कोणी अर्ज लिहिले आहेत, दारें ठोठावलीं आहेत आणि उपहास सोसला आहे. अशा माणसांच्या मालिकेंत आपल्या देशांत ज्यांचें नांव अगदीं आरंभीं घ्यावें लागतें, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. लोखंडाशीं त्यांचा संबंध केवळ आडनांवापुरता. त्यांचें कार्य मुंबईच्या कापडाच्या गिरण्यांत झालें. तथापि त्यांनीं जें मागणें मागितलें, तें आज सूरजागडच्या खाणीपर्यंत येऊन पोंचलें आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालीं ठाणें येथें एका साधारण स्थितीच्या माळी कुटुंबांत झाला. शाळेंतील शिक्षण आटोपल्यावर त्यांनीं कांहीं काळ रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केली आणि पुढें मुंबईस मांडवी येथील गिरणींत ते स्टोअरकीपर, म्हणजे कोठाराचे अंमलदार झाले. या नोकरीमुळें गिरणीचें अंतरंग त्यांस जवळून पाहावयास मिळालें. आमच्या मनांत असें येतें कीं, कोठाराच्या वहींत मोडलेल्या चाकाची, तुटलेल्या पट्ट्याची व सांडलेल्या तेलाची नोंद होते. परंतु त्याच पट्ट्यांत सांपडून मोडलेल्या हाताची नोंद कोणत्या वहींत करावयाची, हा प्रश्न अशा कोमल अंतःकरणाच्या गृहस्थास तेथेंच पडला असला पाहिजे.

याच सुमारास पुण्यास महात्मा जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. लोखंडे त्यांचे अनुयायी व निकटचे सहकारी झाले. या चळवळीचें ‘दीनबंधु’ नांवाचें वृत्तपत्र कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यास सुरू केलें होतें. पण द्रव्याच्या अभावीं तें चालविणें कठीण झालें. तेव्हां १८८० सालीं लोखंडे यांनीं तें मुंबईस नेऊन आपल्या अंगावर घेतलें. गिरणीची बांधलेली नोकरी सोडून बुडत्या वृत्तपत्राचा भार उचलणें हा व्यवहारी माणसाच्या दृष्टीनें वेडेपणाच होय. परंतु त्यामुळें गिरणीकामगारांचें दुःख छापून काढणारें एक मराठी पत्र मुंबईस लाभलें.

त्या काळीं गिरण्यांची स्थिति काय होती, हें समजल्यावांचून लोखंडे यांच्या कार्याची थोरवी कळावयाची नाहीं. मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडाची गिरणी १८५६ सालीं चालू झाली, आणि पुढील पंचवीस वर्षांत गिरण्यांचें रानच माजलें. कोंकण व घाटावरून आलेलीं माणसें त्यांत राबूं लागलीं. विजेचे दिवे त्या वेळीं गिरण्यांत नव्हते. म्हणून काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. उन्हाळ्यांत दिवस मोठा, म्हणून कामही मोठें. ठरलेला आठवड्याचा विसावा नाहीं. यंत्रें पुसण्यासाठीं गिरणी बंद राहील तीच काय ती उसंत, आणि तींतही सफाईच्या कामाला पुष्कळांस बोलावीत. कापसाचे तंतू हवेंत तरंगत व श्वासाबरोबर छातींत जात. डोक्यावरील फिरत्या दांड्यांवरून खालीं येणारे पट्टे उघडे असत, आणि लहान मुलें चालत्या यंत्रांजवळ काम करीत. पगार महिनामहिना थकून राही, म्हणून दुखणें आलें तरी घरीं बसण्याची सोय नसे. दुखापत झालेल्या माणसाची मजुरी त्याच दिवशीं बंद होई.

या बाबतींत हिंदुस्थानांतील पहिला कारखान्यांचा कायदा १८८१ सालीं झाला. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊं नये, सात ते बारा वर्षांच्या मुलास नऊ तासांहून अधिक राबवूं नये, मुलांस महिन्यांत चार सुट्या द्याव्या आणि धोक्याच्या यंत्रांभोंवतीं कुंपण घालावें, असें त्यांत होतें. परंतु हा कायदा शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या कारखान्यांपुरताच होता, आणि प्रौढ स्त्रीपुरुषांच्या तासांविषयीं तर तो मुकाच होता. आज आमच्या शाळांतील पहिलीदुसरीच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांएवढीं मुलें दिवसाचे नऊ तास यंत्राजवळ उभीं राहत, आणि तीही सुधारणा समजली जाई, हें वाचकांनीं क्षणभर मनांत आणावें.

या कायद्याचा फेरविचार करण्यासाठीं १८८४ सालीं मुंबई सरकारनें मुलॉक साहेबांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन नेमलें. लोखंडे यांनीं ही संधि साधली. सप्टेंबर १८८४ मध्यें त्यांनीं गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, कामगारांच्या मागण्यांचा अर्ज तयार केला, आणि त्यावर सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्या घेऊन तो कमिशनपुढें ठेविला. याच वर्षीं ‘बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन’ ही संस्था उदयास आली व लोखंडे तिचे अध्यक्ष झाले. तिला वर्गणीदार सभासद, निधि किंवा छापील नियम नव्हते, म्हणून आजच्या अर्थानें ती कामगार संघटना नव्हती, असें विद्वान् म्हणतात, व तें खरेंही आहे. परंतु बीज पाहून हा वृक्ष नव्हे म्हणणें सोपें असतें. तें बीज पेरणाराचें मोल त्यामुळें कमी होत नाहीं.

त्या अर्जांतील मागण्या पांच होत्या. पहिली, सर्व कामगारांस दर रविवारीं सुटी मिळावी. दुसरी, दुपारीं अर्धा तास विसावा असावा. तिसरी, काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें. चौथी, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातांत पडावा. आणि पांचवी अशी कीं, कामावर असतांना जो कामगार जखमी होईल, त्यास बरा होईपर्यंत पुरा पगार द्यावा. व जो जन्माचा पंगू होईल, त्याच्या निर्वाहाची योग्य व्यवस्था करावी.

आम्हांस या पांचांतील शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिल्या चार मागण्या कामाच्या वेळेविषयीं व पैशाविषयीं आहेत. पांचवी मात्र असें सांगते कीं, कामावर मोडलेला हात हें केवळ त्या कामकऱ्याचें दैव नव्हे. ज्याच्या कामासाठीं तो मोडला, त्याच्यावर त्याची जबाबदारी आहे. तोपर्यंत जखमी माणसास कोणी चार रुपये दिलेच, तर ती दया समजली जाई. लोखंडे यांनीं दया न मागतां न्याय मागितला. शिवाय यांत आणखी एक मर्म आहे. मोडलेल्या हाताचें मोल मालकास द्यावें लागलें, म्हणजे यंत्राला कुंपण घालणें त्यास स्वस्त वाटूं लागतें. आणि मग हात मोडण्याचाच प्रसंग टळतो.

हें कार्य करणाऱ्यास दोन्ही बाजूंनीं टोमणे खावे लागत. गिरणीमालकांचा विरोध उघडच होता. पण देशाभिमानी म्हणविणाऱ्या पुष्कळ वृत्तपत्रांसही हे कायदे नकोसे होते. कारण आपल्या कापडाला हिंदी गिरण्यांची स्पर्धा होते म्हणून लँकेशायरचे गिरणीवाले हिंदुस्थानांत कारखान्यांचे कायदे व्हावे असा आग्रह धरीत. ही शंका निराधार नव्हती. तथापि परक्याच्या हेतूंत मळ आहे, एवढ्यावरून आपल्या माणसाच्या अंगावरील जखम खोटी ठरत नाहीं, हें लोखंडे यांनीं ओळखलें होतें.

पहिल्या अर्जाचें फळ लगेच मिळालें नाहीं. पांच वर्षें गेलीं, सहावें लागलें, तरी लोखंडे थकले नाहींत. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईस सुमारें दहा हजार कामगारांची प्रचंड सभा भरली. तींत दोन कामकरी स्त्रियांनीं उभें राहून भाषणें केलीं, ही गोष्ट त्या काळाचा विचार करतां फार मोठी होय. सभेच्या वतीनें रविवारच्या सुटीचा अर्ज गिरणीमालकांच्या मंडळाकडे गेला, आणि १० जून १८९० रोजीं मंडळानें ती मागणी मान्य केली. सरकारी कचेऱ्या व शाळा यांस रविवारची सुटी पूर्वींपासून होतीच. लोखंडे यांनीं ती घाम गाळणाऱ्यांच्या पदरांत पाडली.

त्याच वर्षीं नेमलेल्या नव्या फॅक्टरी कमिशनच्या मुंबईंतील चौकशींत लोखंडे यांस कामगारांच्या वतीनें बसण्याचा मान मिळाला. त्यानंतर १८९१ चा कायदा झाला. पन्नास माणसांच्या कारखान्यांस तो लागू झाला. नऊ वर्षांखालील मुलांस काम बंद झालें, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस सात तासांची व स्त्रियांस अकरा तासांची मर्यादा पडली, आणि आठवड्याची सुटी व दुपारचा विसावा कायद्यांत आला. पुरुषांच्या तासांस मर्यादा मात्र पडली नाहीं, आणि त्या पांचव्या मागणीचा तर त्यांत पत्ताच नव्हता.

१८९३ सालीं मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला, तेव्हां लोखंडे यांनीं दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून पराकाष्ठा केली. १८९५ सालीं सरकारनें त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. पुढें १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईंत प्लेगनें थैमान मांडलें. ज्यांस शक्य होतें तीं माणसें शहर सोडून पळालीं. लोखंडे मागें राहिले, गोरगरीब रोग्यांसाठीं इस्पितळाची व्यवस्था करण्यांत गढून गेले, आणि त्याच सेवेंत प्लेगची बाधा होऊन ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं मरण पावले. पुढच्याच महिन्यांत, १० मार्च रोजीं, पुण्यास सावित्रीबाई फुले यांनींही प्लेगच्या रोग्यांची सेवा करतांना देह ठेविला. कामावर माणसास इजा होऊं नये म्हणून जो जन्मभर झटला, त्याचा प्राण कामावरच जावा, हा दैवाचा केवढा कठोर न्याय!

लोखंडे हयात होते तेव्हां आपल्याच जिल्ह्यांत वरोऱ्यास कोळशाची खाण चालू होती. परंतु खाणींतील कामकऱ्यांच्या रक्षणाचा पहिला हिंदी कायदा त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, १९०१ सालीं झाला. त्यांची पांचवी मागणी पुरी व्हावयास तर १९२३ साल उजाडावें लागलें. त्या सालीं कामगारांस नुकसानभरपाई देण्याचा कायदा मंजूर झाला व १ जुलै १९२४ पासून तो अंमलांत आला. अर्ज लिहिल्यापासून कायदा होईपर्यंत एकोणचाळीस वर्षें लोटलीं! मध्यंतरीं किती हात मोडले व किती चुली विझल्या, याचा हिशेब कोणी ठेविला नाहीं. २००५ सालीं भारत सरकारनें लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.

या चरित्रापासून आपण काय शिकावें? आम्हांस वाटतें, पहिली गोष्ट ही कीं, लोखंडे यांचें शस्त्र लेखणी हें होतें. ज्यास वाचतां येतें, त्यासच कामाच्या जागीं लाविलेली धोक्याची पाटी कळते. ज्यास लिहितां येतें, त्यासच जखमेची नोंद झाली कीं नाहीं हें तपासतां येतें. ज्या मुलांचे वडील अगर भाऊ खाणींत, कारखान्यांत किंवा मालट्रकवर कामास जातात, त्यांनीं त्यांस तो फलक व तो कागद वाचून दाखवावा. शाळेंत येण्याचें याहून मोठें सार्थक कोणतें?

पालकांसही आमची नम्र विनंती आहे. नियम कितीही चांगला असला, तरी तो खुंटीवर टांगलेल्या हेल्मेटासारखा आहे. डोक्यावर घातल्यावांचून तो डोकें राखीत नाहीं. उकडतें म्हणून मुखपट्टी काढून ठेवूं नये, आणि हजेरी बुडेल या भीतीनें लहानशी दुखापतही लपवूं नये. नियम मोडला जात असेल, तर चार जणांनीं मिळून तें सांगावें. तसें सांगण्याचा हक्क आपल्यास कोणी उपकार म्हणून दिलेला नाहीं. साडेपांच हजार गरिबांच्या सह्यांनीं तो प्रथम कागदावर उतरला आहे.

सूरजागडचें लोखंड भट्टींत तापून पोलाद होईल, पूल बांधील, रूळ होईल. परंतु तें काढण्यास सकाळीं घरून गेलेला माणूस संध्याकाळीं धडधाकट घरीं परत आला, तरच त्या लोखंडाची किंमत खरी. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं आयुष्यभर मागितलें तें एवढेंच. येत्या रविवारीं वडील घरीं असतील, तेव्हां मुलांनीं त्यांस ही हकीकत अवश्य वाचून दाखवावी.