पेटीला बंदी, सिनेगीतांना कात्री: आकाशवाणीवर दहा वर्षं राज्य केलेले बाळकृष्ण केसकर

आज मोबाईलवर बोट फिरवलं की हवं ते गाणं लागतं. त्यामुळे एखाद्या मंत्र्याने देशाला कुठलं गाणं ऐकवायचं हे ठरवलं होतं, असं सांगितलं तर नव्या पिढीला ते खोटं वाटेल. पण हे घडलं आहे. आणि ते करणारा माणूस मराठी होता, पुण्यात जन्मलेला. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षं ते केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. एवढा काळ हे खातं सांभाळणारे फार थोडे.

केसकरांचा जन्म १९०३ चा. गाव पुणे, पण माणूस घडला तो काशीत. स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, काशी विद्यापीठाच्या वातावरणात वाढले, पुढे पॅरिसला जाऊन डॉक्टरेट घेतली. फ्रेंच उत्तम यायचं. काशीतच ते धृपद शिकले, आणि ही गोष्ट त्यांच्या पुढच्या सगळ्या कारभाराची किल्ली आहे. शास्त्रीय संगीताची आवड असलेले राजकारणी तेव्हाही होते, पण स्वतः तानपुऱ्यासमोर बसलेला मंत्री दुर्मिळच. काँग्रेसचे सरचिटणीस झाले, स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र खात्यात उपमंत्री झाले. लोकसभेवर निवडून आले तेही उत्तर प्रदेशातून. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी माणसाचं हे तसं ओळखीचंच चित्र.

त्यांच्या मतांचा ठामपणा नभोवाणीच्या आधीच दिसला होता. इंग्रज गेले की या देशातून क्रिकेटही जाईल, असं भाकीत त्यांनी १९४६ मध्ये करून ठेवलं होतं. ते किती खरं ठरलं हे सांगायला नको! गंमत म्हणजे पुढे त्यांच्याच खात्याच्या रेडिओवरून क्रिकेटची कॉमेंट्री घरोघरी ऐकली गेली.

१९५२ मध्ये धारवाडच्या रंगनाथ दिवाकरांकडून हे खातं केसकरांकडे आलं. तेव्हा रेडिओ म्हणजे सरकारी रेडिओच. खासगी स्टेशन देशात नाही, दूरदर्शन अजून सात वर्षं लांब. घरात सेट असणं ही श्रीमंतीची खूण. बाकीच्यांनी चहाच्या हॉटेलात किंवा ग्रामपंचायतीसमोर उभं राहून ऐकायचं. म्हणजे दिल्लीत बसलेला मंत्री जे ठरवेल तेच खानापूरच्या हॉटेलात वाजणार.

केसकरांचं म्हणणं सरळ होतं. सिनेमाची गाणी दिवसेंदिवस सवंग होत चालली आहेत, त्यात परदेशी चालींची उचल वाढली आहे, आणि लोकांच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओने हे पसरवण्याचं काम करू नये. त्यांनी सिनेगीतांचा वेळ एकूण कार्यक्रमाच्या दहा टक्क्यांवर आणला आणि तीही निवडून घ्यायची असं ठरवलं. शिवाय गाणं लावताना सिनेमाचं नाव सांगायचं नाही, कारण ती फुकटची जाहिरात होते. निर्माते खवळले. त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली आणि काही महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ गायबच झाली.

श्रोत्यांनी काय केलं? सुई फिरवली. श्रीलंकेत दुसऱ्या महायुद्धातलं लष्कराचं जबरदस्त ट्रान्समीटर रेडिओ सिलोनच्या हाती लागलं होतं. त्याचा आवाज सगळ्या भारतात येई. तिथे १९५२ च्याच अखेरीस ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून त्याच मुंबईत ऐकू यायच्या. अमीन सयानींचा आवाज घराघरात गेला तो असा. दात घासायच्या पेस्टच्या कंपनीने सरकारी धोरणाचा असा फडशा पाडला. मंत्र्यांनी दार लावून घेतलं होतं, पण खिडकी शेजारच्या देशात उघडी होती.

आता पेटीचं. हार्मोनियमवरच्या बंदीचं खापर बऱ्याचदा केसकरांच्या डोक्यावर फोडलं जातं, ते अर्धंच खरं आहे. ही बंदी मार्च १९४० पासूनची, लायनेल फील्डन हा इंग्रज साहेब ऑल इंडिया रेडिओचा प्रमुख असतानाची. पेटीचे सूर पक्के बसवलेले, त्यातून मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, असं कारण. त्यात तथ्यही आहे, गाणारा कोणीही ते नाकारणार नाही. केसकरांनी ती बंदी दहा वर्षं तशीच चालू ठेवली, एवढंच.

पण आपल्या भागात या ‘एवढंच’चा अर्थ वेगळा होता. बेळगाव, कोल्हापूर, मिरज, धारवाड हा पट्टा पेटीचा. नाटकाचं गाणं पेटीवर उभं राहिलं, कीर्तन-भजनाला पेटी लागते, कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी तर तिला एकल वादनाचा मान मिळवून दिला. बेळगावात रामभाऊ विजापुरे आयुष्यभर पेटी वाजवत आणि शिकवत राहिले. या कलाकारांच्या हातातलं वाद्य देवळात चालायचं, नाट्यगृहात चालायचं, फक्त देशाच्या रेडिओवर चालायचं नाही. सत्तरीच्या दशकात बंदी सैल झाली, तीही आधी फक्त साथीपुरती.

केसकरांचा दुसरा विचार आज वाचताना जास्त खटकतो. मुसलमान राजवटीत संगीत दरबारी झालं, त्याचं मूळ अध्यात्म हरवलं, असं त्यांना वाटे. हे म्हणायला त्यांना मिरजेपर्यंत यायला हवं होतं. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांच्या हाताखाली गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी. कोल्हापुरात उस्ताद अल्लादिया खाँ. जे शास्त्रीय संगीत वाचवायला केसकर निघाले होते, ते या पट्ट्यात उस्तादांनीच तर रुजवलं होतं.

तरीही माणसाला नुसतं खलनायक करून चालणार नाही. संस्थानं गेली, राजाश्रय संपला, आता गवयांनी खायचं काय, हा खरा प्रश्न होता. केसकरांनी आकाशवाणीला त्याचं उत्तर बनवलं. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यामुळे दक्षिणेचा गवई उत्तरेत आणि उत्तरेचा दक्षिणेत ऐकू येऊ लागला. त्याच वर्षी दिल्लीत पंडित रविशंकर यांच्यासारख्यांना घेऊन वाद्यवृंद उभा राहिला. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलनं भरू लागली. कलाकारांच्या चाचण्या घेऊन श्रेणी ठरवायची पद्धत आली, तिच्यासाठी श्रीकृष्ण रातंजनकरांसारख्या विद्वानाला बसवलं. नावाजलेल्या गवयांनी पुन्हा परीक्षा द्यायची, यावर मोठा गदारोळ झाला. पण महिन्याला चार पैसे निश्चित मिळतील अशी सोयही त्यातूनच झाली.

लेखक-कवींनाही रेडिओवर निर्माते म्हणून आणलं गेलं. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवून गेलेले पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये आकाशवाणीत दाखल झाले ते याच काळात.

आणि सिनेगीतांच्या जागी ‘सुगम संगीत’ हवं म्हणून ठिकठिकाणी जी धडपड चालली होती, त्याच काळात पुणे केंद्रावर गीतरामायण झालं. १ एप्रिल १९५५, रामनवमी. तिथून वर्षभर, एकूण ५६ गाणी. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे गायक. श्रोते वेळ लावून रेडिओसमोर बसायचे. सरकारी रेडिओने मराठीला दिलेलं हे सगळ्यात मोठं देणं, याबद्दल दुमत नसावं. पण ते लिहिलं कोणी? ग. दि. माडगूळकरांनी. चाली कोणाच्या? सुधीर फडके यांच्या. दोघेही मराठी सिनेमातले नाणावलेले! ज्या कारखान्यातला माल मंत्र्यांना नको होता, तिथलेच कारागीर त्यांच्या कामी आले. पुढे फडके गावोगावी गीतरामायणाचे कार्यक्रम करायचे, तेव्हा स्वतः पेटी घेऊन बसायचे.

बातम्यांच्या बाबतीत मात्र केसकरांच्या काळातली आकाशवाणी सरकारचीच राहिली. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करायचा निर्णय पंडित नेहरूंनी रेडिओवरूनच सांगितला आणि मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्यांची बाजू मांडायला त्या रेडिओवर जागा नव्हती. निवडणुकीत विरोधी पक्षांना आकाशवाणीवर बोलायला वेळ मिळायला १९७७ उजाडावं लागलं. मुंबईच्या प्रश्नावर सी. डी. देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. केसकर राहिले. १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हाही खातं त्यांच्याकडेच होतं. त्यांचा मतदारसंघ उत्तर प्रदेशात होता हे लक्षात घेतलं तरी सीमाभागातल्या वाचकाला ही नोंद करावीच लागते.

अखेर सिलोनपुढे सरकार नमलं. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, मुंबई आणि मद्रासच्या शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरवरून. कवी पंडित नरेंद्र शर्मांनी तिची घडी बसवली आणि सिनेमाची गाणी सन्मानाने परत आली, तीही केसकर मंत्री असतानाच. हट्टी माणसाने घेतलेली ही माघार त्यांच्या खात्यावर जमेच्या बाजूला मांडायला हरकत नाही.

१९६२ च्या निवडणुकीत केसकर हरले आणि मंत्रिपद गेलं. पुढची दहाएक वर्षं त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टचं अध्यक्षपद सांभाळलं, भारतीय भाषांतली स्वस्त पुस्तकं लोकांपर्यंत नेली. १९६७ मध्ये त्यांचं भारतीय संगीताच्या प्रश्नांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. मतं तीच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई-पुणे-नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, म्हणजे रेडिओ सिलोनचा धंदा सरकारने स्वतःच हाती घेतला. केसकर १९८४ मध्ये गेले.