वॉर्म स्प्रिंग्जचे ‘डॉक्टर’ रूझवेल्ट

अमेरिकेच्या अध्यक्षपदावर चार वेळा निवडून येण्याचा मान आजवर केवळ फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट यांनाच लाभला आहे. महामंदीतून देशाला बाहेर काढणारे आणि दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचे नेतृत्व करणारे रूझवेल्ट जगाला ठाऊक आहेत. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्यांची आणखी एक ओळख आहे. आपल्या उपचारांची सूत्रे स्वतःच्या हाती घेणारा, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडणारा आणि अखेर इतर रुग्णांना व्यायाम शिकविण्यासाठी तलावात उतरणारा एक रुग्ण, ही ती ओळख.

३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे एका गर्भश्रीमंत घराण्यात त्यांचा जन्म झाला. हार्वर्डमधील शिक्षण, वकिली, राज्य विधिमंडळ, नौदल खात्याचे सहायक सचिवपद आणि १९२० मध्ये उपाध्यक्षपदाची उमेदवारी अशी त्यांची वाटचाल होती. ती निवडणूक ते हरले, तरी वय अवघे अडतीस होते आणि पुढचा काळ आपलाच आहे, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

ऑगस्ट १९२१ मध्ये कॅनडातील कॅम्पोबेलो बेटावर ते कुटुंबासह सुटी घालवीत होते. १० ऑगस्टचा दिवस नौकाविहार, रानातला वणवा विझविण्याची धावपळ आणि थंड पाण्यातील पोहणे यांत गेला. संध्याकाळी अंगात कणकण भरली. दोन दिवसांत पाय उचलेनासे झाले. स्थानिक डॉक्टरांनी सर्दीतापाचे निदान केले. जवळच सुटीवर आलेल्या एका नामांकित वृद्ध शल्यविशारदाने मज्जारज्जूत रक्ताची गाठ झाल्याचे सांगून पायांना जोराने मालिश करण्याचा सल्ला दिला आणि सहाशे डॉलरचे बिल पाठविले. पत्नी एलिनॉर आणि निकटचे सहकारी लुई हाउ दिवसरात्र ते मालिश करीत राहिले. २५ ऑगस्टला बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लव्हेट येऊन पोहोचले. हा पोलिओ आहे, असे निदान करून त्यांनी मालिश तत्काळ थांबविले, कारण त्या अवस्थेत दुखऱ्या स्नायूंना ते अपायकारक होते. (२००३ मध्ये काही संशोधकांनी हा आजार पोलिओ नसून गियाँ-बारे असावा, अशी शंका उपस्थित केली. ती सर्वमान्य झालेली नाही.)

न्यूयॉर्कच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात सुमारे सहा आठवडे काढून रूझवेल्ट ऑक्टोबरअखेर घरी परतले, तेव्हा प्रकृतीत सुधारणा नाही, अशीच नोंद त्यांच्या कागदांवर होती. डॉ. जॉर्ज ड्रेपर यांना मोठी चिंता होती ती रुग्णाच्या मनाची. पुन्हा कधीही चालता येणार नाही, हे या उमद्या माणसाला सांगायचे कसे, हा त्यांच्यापुढचा पेच होता. त्या काळच्या वैद्यकात हा पेच नवा नव्हता. वाईट बातमी डॉक्टरांनी जाणावी, नातेवाइकांनी कुजबुजावी आणि रुग्णाने धीर धरावा, अशीच रीत होती. आई सारा यांची इच्छा मुलाने राजकारण सोडून हाइड पार्कच्या वाड्यात स्वस्थ बसावे अशी होती. एलिनॉर आणि हाउ यांनी त्याला ठाम विरोध केला.

रूझवेल्ट यांनी स्वस्थ बसण्याऐवजी आपल्या आजाराचा अभ्यास आरंभिला. कोणता स्नायू किती हलतो, हे लव्हेट यांच्या पद्धतीच्या तक्त्यावरून त्यांनी समजून घेतले आणि प्रत्येक स्नायूचे नाव व काम पाठ केले. देशभरातील डॉक्टरांशी आणि अनोळखी पोलिओग्रस्तांशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. बोजड चाकाच्या खुर्चीऐवजी स्वयंपाकघरातील साध्या, बिनहाताच्या खुर्चीला लहान चाके लावून घेण्याची कल्पना त्यांचीच. अरुंद दारांतून ती सहज जाई. कमरेपासून पावलापर्यंत लोखंडी पट्ट्या बांधून आणि कुबड्या घेऊन ते रोज घराच्या रस्त्यावर चालण्याचा सराव करीत. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर घरनौका घेऊन कोमट पाण्यात पोहण्याचा प्रयोगही त्यांनी केला. यांतले बरेच प्रयोग फसले. मात्र फसलेल्या प्रत्येक प्रयोगाची ते शास्त्रज्ञाच्या अलिप्तपणे नोंद घेत.

२६ जून १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात ते थोरला मुलगा जेम्स याच्यासह व्यासपीठाकडे निघाले, तेव्हा हजारोंचा जमाव श्वास रोखून पाहत होता. अखेरची काही पावले त्यांनी केवळ कुबड्यांच्या आधारे टाकली. राजकारणातील त्यांचे पुनरागमन त्या काही पावलांनी निश्चित केले. पण आजाराशी असलेले त्यांचे नाते बदलले ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, जॉर्जिया राज्यातील एका मोडकळीस आलेल्या हॉटेलात.

वॉर्म स्प्रिंग्ज येथील झऱ्याचे पाणी बारा महिने ८८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३१ अंश सेल्सिअस असते. त्या पाण्यात पोहून एक पोलिओग्रस्त तरुण काठी टेकत चालू लागला, असे जॉर्ज फॉस्टर पीबॉडी या मित्राकडून रूझवेल्ट यांना कळले होते. तेथे पोहोचल्यावर त्यांनी आधी त्या तरुणाची भेट घेऊन त्याच्याकडून सारे समजून घेतले आणि मगच ते पाण्यात उतरले. खनिजयुक्त पाण्यात शरीर सहज तरंगत असल्याने न थकता तास दोन तास व्यायाम करता येई. तीन वर्षांत प्रथमच आपला उजवा पाय थोडा हलल्याचे त्यांना जाणवले. या पाण्यात काही जादू नव्हती, हे येथे स्पष्ट करायला हवे. मेलेल्या चेतापेशी त्याने जिवंत होत नाहीत. उरलेल्या स्नायूंना मात्र काम करण्याची संधी मिळते.

अटलांटातील एका वृत्तपत्राने त्यांच्या पोहण्यावर मोठा लेख छापला आणि तो देशभर पोहोचला. परिणामी १९२५ च्या वसंतात अनाहूत रुग्ण येऊ लागले. पेनसिल्व्हेनियातील एक तरुण तर रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून प्रवास करून आला. तेथे ना डॉक्टरांची व्यवस्था होती, ना परिचारिका. हॉटेलातील धडधाकट पाहुण्यांनी या लोकांसोबत पोहण्यास नकार दिला. आजार आपल्याला लागेल, ही त्यांची भीती. रूझवेल्ट यांनी रुग्णांसाठी वेगळा तलाव करवून घेतला, गावातील डॉक्टरांकडून सर्वांची तपासणी करवली आणि स्वतः पाण्यात उतरून प्रत्येकाला व्यायाम शिकविला. कोणता स्नायू वापरायचा हे ते आपल्या अंगावर हात ठेवून दाखवीत. रुग्ण त्यांना ‘डॉक्टर रूझवेल्ट’ म्हणू लागले आणि ही पदवी त्यांना मनापासून आवडे.

एप्रिल १९२६ मध्ये त्यांनी हॉटेल, झरे आणि भोवतालची जमीन सुमारे दोन लाख डॉलरना विकत घेतली. त्यांच्या स्वतःच्या संपत्तीचा तो दोन तृतीयांश हिस्सा होता. एलिनॉर यांना हा व्यवहार धाडसाचा वाटत होता. पाच मुलांच्या शिक्षणाची चिंता त्यांना होती आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

त्याच सुमारास अटलांटात अमेरिकेतील अस्थिविकारतज्ज्ञांची परिषद भरली होती. डॉक्टर नसलेल्या माणसाला तेथे बोलण्याची मुभा नव्हती. रूझवेल्ट यांनी आमंत्रण नसतानाही तेथे धडक मारली आणि चाकाच्या खुर्चीतून एकेका तज्ज्ञाला गाठून आपली बाजू मांडली. परिषदेने समिती नेमण्याचे मान्य केले. डॉ. लेरॉय हबार्ड यांनी २३ रुग्णांवर देखरेख ठेवून प्रत्येकाच्या प्रगतीची नोंद केली. सर्वांत कमीअधिक सुधारणा आढळली आणि १९२७ मध्ये जॉर्जिया वॉर्म स्प्रिंग्ज फाउंडेशन ही संस्था रीतसर स्थापन झाली. येथे एक बाब आवर्जून नोंदविली पाहिजे. रूझवेल्ट यांनी वैद्यकशास्त्राला बगल दिली नाही. आपल्या अनुभवाची डॉक्टरांनी त्यांच्या कसोट्यांवर तपासणी करावी, हा त्यांचा आग्रह होता. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना भुलणारा आणि डॉक्टरांच्या शब्दाबाहेर न जाणारा, अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांपासून ते म्हणूनच वेगळे ठरतात.

वॉर्म स्प्रिंग्जचे वातावरण रुग्णालयाचे नव्हते. नाटके, पत्त्यांचे डाव, सहली, प्रेमप्रकरणे, सारे तेथे होते. ज्या समाजात अपंगाला मागच्या खोलीत ठेवले जाई, त्या समाजातील तरुण मुलेमुली येथे उघडपणे पट्ट्या बांधून वावरत. रूझवेल्ट यांनी स्वतःसाठी हातांनी चालविता येणारी मोटार करवून घेतली आणि ते आसपासच्या खेड्यांतून शेतकऱ्यांशी गप्पा मारीत हिंडत. ग्रामीण दारिद्र्याचे जे दर्शन त्यांना तेथे घडले, त्याचे पडसाद पुढे न्यू डीलच्या योजनांत उमटले.

या चित्राला काळी किनारही आहे. वॉर्म स्प्रिंग्जची दारे केवळ गोऱ्या रुग्णांसाठी खुली होती. कृष्णवर्णीय तेथे येत ते नोकर म्हणून. कृष्णवर्णीय पोलिओग्रस्तांसाठी अलाबामातील टस्कीगी येथे स्वतंत्र केंद्र उघडायला १९४१ साल उजाडले. दक्षिणेतील मतांचे गणित रूझवेल्ट यांना मोडायचे नव्हते, हे त्याचे एक कारण खासच होते.

१९२८ मध्ये ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर आणि १९३२ मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यांच्या वाढदिवशी, ३० जानेवारी १९३४ पासून, देशभर नृत्यसमारंभ योजून निधी गोळा होऊ लागला. १९३८ मध्ये पोलिओ प्रतिष्ठान स्थापन झाले आणि एडी कॅन्टर या विनोदी अभिनेत्याच्या आवाहनावरून व्हाइट हाउसकडे दहा सेंटच्या नाण्यांचा अक्षरशः पूर लोटला. याच निधीतून जोनास साल्क यांच्या लसीचे संशोधन झाले.

आणि तरीही, वॉर्म स्प्रिंग्जला उघडपणे वावरणारा हा माणूस वॉशिंग्टनमध्ये आपले पाय लपवीत असे. खुर्चीतील छायाचित्रे काढू न देण्याचा संकेत पत्रकार पाळीत.

त्याहून चकित करणारा आहे तो अखेरचा अध्याय. २८ मार्च १९४४ रोजी बेथेस्डा नौदल रुग्णालयात तरुण हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले. रक्तदाब १८६/१०८, हृदय मोठे झालेले आणि निकामी होत चाललेले. डिजिटॅलिस, कमी मीठ, कमी सिगारेट आणि विश्रांती असे उपचार सुरू झाले. अध्यक्षांचे खासगी डॉक्टर, नाक-कान-घसातज्ज्ञ रॉस मॅकिन्टायर, यांनी मात्र रुग्णाला काही न सांगण्याची ताकीद दिली होती. आणि रुग्णानेही काही विचारले नाही. एकेका स्नायूचे नाव पाठ करणाऱ्या रूझवेल्ट यांनी रोज रक्तदाब का मोजला जातो, गोळी कशाची आहे, हा साधा प्रश्नही केला नाही, असे ब्रुएन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींवरून दिसते. उत्तर ऐकले असते, तर युद्धाच्या ऐन भरात चौथ्यांदा उमेदवारी स्वीकारता आली असती का? कदाचित म्हणूनच त्यांनी विचारले नसावे. रक्तदाबावर प्रभावी औषध त्या काळी नव्हतेच. पण ज्या मतदारांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना निवडले, त्यांनाही काही कळले नाही. मृत्यूनंतर त्यांची वैद्यकीय कागदपत्रे रुग्णालयातून नाहीशी झाली.

१ मार्च १९४५ रोजी याल्टा परिषदेचा वृत्तान्त सांगताना त्यांनी काँग्रेससमोर बसून भाषण केले आणि पायांवरील पोलादाच्या वजनाचा प्रथमच जाहीर उल्लेख केला. महिनाअखेर ते वॉर्म स्प्रिंग्जला आले. १२ एप्रिल रोजी दुपारी चित्रकार एलिझाबेथ शुमाटॉफ त्यांचे व्यक्तिचित्र रेखाटत असताना ते कोसळले. मेंदूतील रक्तस्रावाने ३ वाजून ३५ मिनिटांनी त्यांचे निधन झाले. त्या सायंकाळी रुग्ण त्यांच्यासाठी एक करमणुकीचा कार्यक्रम सादर करणार होते आणि त्याची तालीमही झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शवपेटी रेल्वे स्थानकाकडे निघाली, तेव्हा दरवेळी निरोप घेताना रूझवेल्ट जेथे थांबत, त्या जॉर्जिया हॉलसमोर ताफा क्षणभर रेंगाळला. ग्रॅहम जॅक्सन हा कृष्णवर्णीय वादक अश्रू ढाळीत ॲकॉर्डियन वाजवीत होता आणि चाकाच्या खुर्च्यांतले रुग्ण आपल्या डॉक्टरांना निरोप देण्यासाठी बाहेर आले होते.